प्रादेशिक मानसशास्त्र संस्थांचे सभासदत्व : वर्गणीच्या बदल्यात संशोधकाच्या पदरात काय पडते?

मानसशास्त्रात संशोधन करणाऱ्यांना वर्षातून एकदा तरी वर्गण्यांचा हिशेब मांडावा लागतो. एक मोठी राष्ट्रीय संघटना असते, तिचे सभासदत्व व्यावसायिक ओळखीसाठी सोडवत नाही. एक आपल्या उपशाखेची आंतरराष्ट्रीय संस्था असते, तिच्या नियतकालिकावर नजर ठेवणे भाग असते. आणि तिसरी असते ती आपल्या प्रदेशाची विद्वत्संस्था. पैशांची ओढाताण झाली की पहिली कात्री हिच्यावरच चालते, कारण पदोन्नतीच्या अर्जात तिच्या अधिवेशनातील निबंधवाचनाला फारसे वजन नसते. अशा संस्थांची सेवा मी सभासद, वक्ता, श्रोता आणि गोषवाऱ्यांचा परीक्षक अशा निरनिराळ्या नात्यांनी घेतली आहे, आणि प्रस्तुत परीक्षण कोणा एका संस्थेचे नसून या प्रकारच्या सेवेचे आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो: अपुरे, चाचपडणारे संशोधन ऐकून घेण्याचे काम या संस्था इतर कोणाहीपेक्षा चांगले करतात, पण जे ऐकले ते जपून ठेवण्याच्या बाबतीत त्यांचा कारभार अत्यंत ढिला आहे.

‘प्रादेशिक’ या नावाखाली दोन वेगळ्या जातीच्या संस्था मोडतात, आणि त्यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. पहिल्या जातीच्या संस्था एखाद्या विस्तीर्ण देशाच्या एका भागापुरत्या असतात. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची स्थापना 1892 साली जी. स्टॅन्ली हॉल यांच्या पुढाकाराने झाली खरी, परंतु एवढ्या मोठ्या देशात एका वार्षिक सभेला सर्वांनी पोहोचणे त्या काळी सोपे नव्हते. त्यामुळे 1904 साली सदर्न सोसायटी फॉर फिलॉसॉफी अँड सायकॉलॉजी, 1921 साली वेस्टर्न सायकॉलॉजिकल असोसिएशन, आणि त्यांच्यासारख्याच पूर्वेकडच्या व मध्यभागातल्या संस्था उभ्या राहिल्या. दुसऱ्या जातीच्या संस्था खंडाच्या पातळीवरच्या आहेत: 1951 साली मेक्सिको सिटीत स्थापन झालेली इंटरअमेरिकन सोसायटी ऑफ सायकॉलॉजी, 1966 साली आकाराला आलेली युरोपियन असोसिएशन ऑफ एक्सपेरिमेंटल सोशल सायकॉलॉजी (पुढे तिच्या नावातून ‘एक्सपेरिमेंटल’ हा शब्द गळाला) आणि 1995 पासूनची एशियन असोसिएशन ऑफ सोशल सायकॉलॉजी. पहिल्यांचा जन्म अंतराच्या अडचणीतून झाला, तर दुसऱ्यांचा, विषयाचे केंद्र कुठेतरी दूर आहे आणि आपण त्याच्या परिघावर आहोत या अस्वस्थतेतून.

पहिल्या जातीच्या संस्थेकडून उत्तम सेवा मिळाली तर काय घडू शकते, याचे सर्वांत बोलके उदाहरण ईस्टर्न सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या फिलाडेल्फियातील अधिवेशनात सापडते. 15 एप्रिल 1955 रोजी तिथे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांचे निमंत्रित व्याख्यान झाले. मिलर यांच्याजवळ त्या वेळी परस्परांशी संबंध नसलेली दोन कामे होती. ध्वनीची उंची किंवा आवाजाची तीव्रता यांसारख्या एकाच परिमाणावरच्या किती पायऱ्या माणूस न चुकता ओळखू शकतो, हे एक काम. आणि एकदा ऐकलेल्या अंकांपैकी वा शब्दांपैकी किती तो लगेच परत सांगू शकतो, हे दुसरे. त्यांनीच नंतर लिहून ठेवल्याप्रमाणे, यांपैकी एकाही कामात तासभर बोलण्याइतका ऐवज नव्हता, आणि दोन्ही एकत्र बांधायला धागा म्हणून त्यांना फक्त सात हा आकडा सापडला. पुढच्या वर्षी ‘सायकॉलॉजिकल रिव्ह्यू’मध्ये ते व्याख्यान छापून आले, आणि आकलनाच्या मानसशास्त्रातील सर्वाधिक उद्धृत होणाऱ्या लेखांत त्याची गणना झाली.

या लेखाबद्दल सर्वसाधारण वाचकाच्या लक्षात फक्त सात, अधिक-उणे दोन, एवढेच राहते. प्रत्यक्षात त्यातला कसदार भाग वेगळाच आहे. सिडनी स्मिथ यांनी शून्य आणि एक या दोनच अंकांच्या लांबलचक ओळी पाठ करताना त्या अंकांचे गट पाडून प्रत्येक गटाला एक नाव दिले, आणि त्या युक्तीने सुमारे 40 अंक एका दमात परत सांगितले. स्मृतीची मर्यादा सुट्या घटकांच्या संख्येवर नसून आपण बांधलेल्या गटांच्या संख्येवर असते, ही कल्पना तिथून पुढे आली. सात या आकड्याच्या दोन ठिकाणच्या हजेरीला तर खुद्द मिलर यांनी लेखाच्या शेवटी योगायोगच मानले होते. माझ्या दृष्टीने मुद्दा असा, की दोन अर्धवट कामे घेऊन आलेल्या माणसाला तासभराचे व्यासपीठ देण्याची तयारी एका प्रादेशिक संस्थेने दाखवली. एखाद्या कडक परीक्षणाच्या नियतकालिकाकडे तो मजकूर त्या अवस्थेत गेला असता, तर ‘दोन वेगळे निबंध करावेत’ असा शेरा मारून तो परत आला असता, अशी माझी शंका आहे. अर्थात असे व्याख्यान पिढीतून एखादेच होते. निमंत्रित व्याख्यानांपैकी बहुतेक इतरत्र दिलेली आणि तीच चित्रफलके घेऊन पुन्हा दिलेली असतात, आणि त्यासाठी वर्गणी भरावी असे मी कोणालाही सुचवणार नाही.

खरा लाभ पोस्टरच्या दालनात होतो, म्हणजे जिथे संशोधक आपल्या कामाचा सारांश मोठ्या कागदावर लावून त्याच्यापाशी उभे राहतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलतात तिथे. प्रादेशिक अधिवेशनात पोस्टर लावणाऱ्यांमध्ये पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांचा भरणा मोठा असतो; अमेरिकेत 1929 साली स्थापन झालेली साय काय ही विद्यार्थ्यांची मानद संस्था आपले कार्यक्रम या प्रादेशिक अधिवेशनांतच भरवते, त्यामुळे तिथे हा भरणा अधिकच ठळक दिसतो. पोस्टरसमोर काय घडते ते नमुन्यादाखल सांगतो. एका विद्यार्थिनीने आत्मसन्मान आणि परीक्षेची चिंता यांचा संबंध मोजला होता; सहसंबंध अपेक्षेपेक्षा खूपच कमी आला होता आणि तिने त्याचे कारण नमुना लहान असण्यात शोधले होते. एका ज्येष्ठ सभासदांनी आकडेमोडीबद्दल काहीच विचारले नाही. त्यांनी प्रश्नावलीतली उलट अर्थाची विधाने कोणती, ती गुणांकनात उलटवून घेतली का, आणि ‘मी समाधानी आहे’ व ‘मी असमाधानी आहे’ या दोन्ही विधानांना ‘सहमत’ असे उत्तर देणारे किती जण निघाले, एवढेच विचारले. गुणांकन बरोबर होते. मात्र दोन्हीकडे होकार देणारे पुष्कळ निघाले. म्हणजे नमुन्यात कमतरता असण्यापेक्षा, समोर येईल त्या विधानाला मान डोलावण्याची उत्तरदात्यांची सवय मापनात मिसळली होती. असा सल्ला छापील परीक्षणातूनही मिळू शकतो, पण तो माहिती गोळा करून, लेख लिहून, आणि कित्येक महिने वाट पाहून झाल्यावर मिळतो. इथे तो प्रबंधाचा पुढचा टप्पा सुरू होण्याआधी मिळाला. मोठ्या आंतरराष्ट्रीय अधिवेशनात हजारो पोस्टरांच्या गर्दीत ज्येष्ठ मंडळी ओळखीच्या नावांपाशीच थांबतात. लहान अधिवेशनात त्यांना थांबायला तेवढीच पोस्टरे असतात.

मौखिक निबंधवाचनाच्या सत्रांना मी एवढे चांगले गुण देऊ शकत नाही. जवळजवळ प्रत्येक गोषवारा स्वीकारण्याच्या धोरणामुळे एकाच वेळी अनेक सत्रे चालतात, वाचनाला दहा-बारा मिनिटे मिळतात, आणि चौथ्या वक्त्यापर्यंत सत्राध्यक्ष वेळेच्या चिठ्ठ्या दाखवण्यापलीकडे काही करू शकत नाहीत. एका संस्थेच्या अधिवेशनात, जिचे नाव घेण्याचे कारण नाही, माझ्या सत्रात स्मृतीवरचा एक, औद्योगिक ताणावरचा एक, आणि शालेय समुपदेशनावरचे दोन निबंध एकत्र ठेवले होते. श्रोते आपापल्या विषयाचे वाचन संपताच उठून गेले आणि शेवटच्या वक्त्याने उरलेल्या तिघांपुढे, म्हणजे आम्हा वक्त्यांपुढेच, आपला निबंध वाचला. सर्वांना स्वीकारणे ही उदारता आहे, यात वाद नाही. पण स्वीकारलेल्यांची विषयवार मांडणी करण्यासाठी कार्यक्रम समितीने थोडे अधिक कष्ट घ्यायला हवेत, आणि जिथे मांडणी जमत नसेल तिथे सरळ पोस्टरचा पर्याय द्यायला हवा.

आता दुसऱ्या जातीच्या, म्हणजे खंडपातळीवरच्या संस्थांकडे वळतो, कारण संशोधनाची दिशा बदलण्याचे श्रेय खरे तर त्यांच्याकडे जाते. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातील सामाजिक मानसशास्त्रज्ञांची परिस्थिती मोठी चमत्कारिक होती: त्यांच्यातले बरेच जण अमेरिकेतल्या सहकाऱ्यांना ओळखत होते, पण शेजारच्या देशात त्याच विषयावर कोण काम करते याची त्यांना कल्पना नव्हती. 1963 साली सोरेंटो येथे आणि 1964 साली फ्रास्काती येथे झालेल्या बैठकांतून ही कोंडी फुटली आणि सर्ज मॉस्कोव्हिची, हेन्री ताजफेल आदींच्या पुढाकाराने वर उल्लेखलेली युरोपियन संस्था उभी राहिली. गमतीचा भाग असा, की या युरोपीय घरोब्याला लिऑन फेस्टिंगर, जॉन लँझेटा यांच्यासारख्या अमेरिकन संशोधकांचा सक्रिय पाठिंबा होता. अमेरिकेवरचे अवलंबन कमी करण्याच्या कामात अमेरिकनांनीच हात लावला.

या संस्थेने पुरवलेल्या सेवांमध्ये मला उन्हाळी प्रशिक्षण वर्ग सर्वांत मोलाचा वाटतो. वेगवेगळ्या देशांतील पीएचडीचे विद्यार्थी लहान गटांत विभागले जातात, प्रत्येक गटाला अनुभवी संशोधक मिळतात, आणि वर्ग संपेपर्यंत गटाने मिळून नव्या अभ्यासाचा आराखडा तयार करायचा असतो. व्याख्याने ऐकून घरी जाण्याची इथे सोय नाही. यातल्या काही गटांची भागीदारी पुढे अनेक वर्षे टिकते, आणि एकाच प्रयोगाची माहिती अनेक देशांत गोळा करण्याची यंत्रणा त्यातून आपोआप तयार होते. इतर प्रादेशिक संस्थांनी नुसते अधिवेशन भरवण्याऐवजी हा नमुना उचलला, तर त्यांच्या वर्गणीला अधिक न्याय मिळेल.

त्याच संस्थेच्या आश्रयाने 1971 साली ‘युरोपियन जर्नल ऑफ सोशल सायकॉलॉजी’ सुरू झाले. त्याच्या पहिल्याच खंडात ताजफेल, बिलिग, बंडी आणि फ्लॅमाँ यांचा शोधनिबंध आहे. ज्या प्रयोगमालिकेचा तो भाग आहे, तिच्यात ब्रिस्टलमधील शाळकरी मुलांचे अगदी क्षुल्लक कारणाने, उदाहरणार्थ पॉल क्ली व वासिली कँडिन्स्की या चित्रकारांपैकी कोणाची चित्रे आवडली यावरून, दोन गट पाडले होते. मुले एकमेकांना भेटत नव्हती, आपल्या गटात कोण आहे हे त्यांना माहीत नव्हते, आणि वाटपातून स्वतःला काहीच मिळणार नव्हते; तरीही पैशांचे वाटप करताना त्यांनी आपल्या गटाला झुकते माप दिले, आणि दोन गटांतला फरक वाढावा म्हणून प्रसंगी आपल्या गटाला मिळू शकणाऱ्या रकमेवरही पाणी सोडले. व्यक्तीच्या डोक्यात काय चालते यावर भर असलेल्या तत्कालीन प्रवाहात गटसंबंधांचा हा विचार वेगळा होता. त्याला हक्काचे व्यासपीठ लागत होते, आणि ते प्रादेशिक संस्थेने दिले. प्रादेशिक नियतकालिकाकडून मी अशा कामगिरीची अपेक्षा करतो.

दुर्दैवाने बहुतेक प्रादेशिक नियतकालिके या मापाला उतरत नाहीत. ज्या क्षेत्रात काम करणारी माणसे मोजकी असतात, तिथे परीक्षणासाठी पाठवलेल्या लेखावरचे नाव झाकले तरी विषय, उपकरण आणि नमुना पाहून लेखक कोण हे परीक्षकाला बहुधा कळते. संकोच किंवा जुने हेवेदावे, दोन्ही मग शेऱ्यांत उतरतात. शिवाय चांगला लेख आधी आंतरराष्ट्रीय नियतकालिकाकडे जातो आणि तिथून परतलेला प्रादेशिक नियतकालिकाकडे येतो, हे संपादक मंडळातील कोणीही खासगीत मान्य करील. मेहनती संपादक प्रादेशिक सीमेबाहेरचे परीक्षक मिळवतात आणि शेऱ्यांना कारणे मागतात. बाकीचे अंक वेळेवर काढण्यातच धन्यता मानतात.

नमुन्यांच्या प्रश्नावर मात्र या संस्थांचे महत्त्व गेल्या दोन दशकांत वाढले आहे. जेफ्री आर्नेट यांनी 2008 साली अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या सहा नियतकालिकांची पाहणी केली, तेव्हा 68 टक्के नमुने एकट्या अमेरिकेतले आणि 96 टक्के पाश्चात्त्य औद्योगिक देशांतले आढळले. 2010 साली जोसेफ हेनरिक, स्टीव्हन हाइन आणि आरा नोरेन्झायान यांनी पुढचा प्रश्न उभा केला: हे उत्तरदाते संख्येने जास्त आहेतच, पण दृश्य आकलनापासून न्यायबुद्धीपर्यंत अनेक बाबतींत ते उर्वरित मानवजातीपेक्षा वेगळेही आहेत. हा लेख प्रसिद्ध झाल्यापासून प्रत्येक चर्चासत्रात त्याचा उल्लेख होतो. पण उल्लेख करणे आणि दुसऱ्या प्रदेशातून विश्वासार्ह माहिती मिळवणे यात फार अंतर आहे. चाचणीचे भाषांतर करून घेणे, ते उलट भाषांतराने (म्हणजे पुन्हा मूळ भाषेत आणून) तपासणे, मुलाखतींतून विधानांचा अर्थ लोकांना खरोखर कसा लागतो हे पाहणे, मग त्या लोकसंख्येची मानके, म्हणजे गुणांची तुलना कशाशी करायची ते आकडे, तयार करणे, ही कामे संथ आणि खर्चिक असतात, आणि एकट्या संशोधकाच्या आवाक्यात ती क्वचितच असतात. प्रादेशिक संस्थेकडे अनेक भागांतले सभासद असतात, त्यामुळे तिने मनावर घेतले तर हे काम वाटून करता येते.

काहींनी तसे मनावर घेतले आहे. इंटरअमेरिकन सोसायटीने स्पॅनिश, इंग्रजी, पोर्तुगीज आणि फ्रेंच या चारही भाषांना अधिकृत स्थान दिले, त्यामुळे एखाद्या संशोधकाला आपली मूळ संकल्पना इंग्रजीच्या साच्यात घालूनच मांडण्याची सक्ती राहिली नाही. फिलिपिन्समध्ये व्हर्जिलिओ एन्रिकेझ यांनी 1975 साली स्वदेशी मानसशास्त्रासाठी राष्ट्रीय संस्था काढली. तिच्या वर्तुळात संशोधनाची पद्धतच बदलली, आणि प्रश्नावली पुढे सरकवण्यापेक्षा संशोधकाने आधी लोकांच्या गप्पांत सामील व्हावे, विश्वास संपादन करावा आणि मगच खोल प्रश्नांकडे वळावे, असा आग्रह धरला गेला. याच्या उलट बाजूची तक्रारही नोंदवायला हवी. ‘सांस्कृतिक भेद’ या शीर्षकाखाली दोन देशांतील दोन महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांची एका प्रश्नावलीवरची सरासरी घ्यायची, फरक दिसला की त्याचे श्रेय समूहप्रधान आणि व्यक्तिप्रधान संस्कृतींना देऊन मोकळे व्हायचे, असे निबंध प्रादेशिक अधिवेशनांत अजूनही सर्रास वाचले जातात. दोन्हीकडे प्रश्नावली एकच गोष्ट मोजते का, हे न तपासता केलेल्या तुलनेला प्रदेशाचे नाव लावल्याने बळकटी येत नाही, आणि गोषवारे स्वीकारणाऱ्या समित्यांनी तिथे तरी कठोर व्हावे.

सर्वांत कमी गुण मी जतनाला देतो. नकारात्मक निष्कर्ष फायलीत पडून राहतात आणि प्रसिद्ध झालेल्या वाङ्मयात यशाचेच चित्र दिसते, हा धोका रॉबर्ट रोझेंथाल यांनी 1979 सालीच मांडला होता. 2015 साली 100 अभ्यासांच्या पुनरावृत्तीचा मोठा सामूहिक प्रकल्प प्रसिद्ध झाला. मूळ अभ्यासांपैकी 97 टक्क्यांत सांख्यिकीय दृष्ट्या लक्षणीय निष्कर्ष होते, पुनरावृत्तीत ते 36 टक्क्यांवर आले. अशा परिस्थितीत प्रादेशिक अधिवेशनातली ‘काही फरक आढळला नाही’ असे सांगणारी पोस्टरे अमूल्य ठरतात, कारण पुढे ती लेखरूपात येण्याची शक्यता कमी असते. जैववैद्यकीय क्षेत्रातील अधिवेशनांच्या गोषवाऱ्यांचा मागोवा घेणाऱ्या एका व्यापक आढाव्यात जेमतेम 37 टक्के काम पूर्ण लेख म्हणून प्रसिद्ध झाल्याचे दिसले, आणि सकारात्मक निष्कर्षांना त्यात झुकते माप होते. मानसशास्त्रात स्थिती याहून फार चांगली असेल असे मानायला मला आधार दिसत नाही.

असे असताना संस्था काय करतात? अधिवेशनाची स्मरणिका छापतात, किंवा एक पीडीएफ संकेतस्थळावर ठेवतात; कार्यकारिणी बदलली, संकेतस्थळ नव्याने बांधले, की जुना दुवा बंद पडतो. एका समग्र विश्लेषणासाठी (म्हणजे एकाच प्रश्नावरच्या अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र मोजण्यासाठी) मी एका संस्थेकडे काही वर्षांपूर्वीचे गोषवारे मागितले, तेव्हा ते माजी चिटणीसांच्या संगणकावर असतील, असे उत्तर आले. त्या माजी चिटणीसांचा पत्ता मात्र कार्यालयाकडे नव्हता. प्रत्येक गोषवाऱ्याला कायमस्वरूपी ओळखक्रमांक देणे, पोस्टर आणि शक्य तिथे मूळ आकडेवारी खुल्या भांडारात ठेवणे, नमुन्याचा आकार आणि वापरलेल्या चाचणीचे नाव गोषवाऱ्यात सक्तीने मागणे, या गोष्टी आज तांत्रिक दृष्ट्या अवघड नाहीत आणि फार खर्चाच्याही नाहीत. त्या होत नाहीत, कारण पदाधिकारी अवैतनिक असतात, कार्यकाळ लहान असतो, आणि अधिवेशन पार पडले की वर्षाचे काम झाले अशी समजूत असते. अवैतनिक माणसांना दोष देताना हात आखडतो हे खरे. पण वर्गणी घेणाऱ्या संस्थेने निदान जतनाची जबाबदारी कोणा एका पदावर निश्चित करायला हवी.

नवे सभासदत्व घ्यावे की नाही, याचे उत्तर ज्याच्या त्याच्या टप्प्यावर अवलंबून आहे. पीएचडीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातल्या विद्यार्थ्याने ते नक्की घ्यावे, आणि पूर्ण झालेले काम घेऊन जाण्यापेक्षा नेमके अडलेले काम घेऊन जावे. चाचण्यांचे रूपांतर किंवा अनेक ठिकाणच्या नमुन्यांवर काम करणाऱ्यांसाठी खंडपातळीवरची संस्था अधिक उपयोगाची ठरेल. केवळ प्रसिद्धीची भर हवी असेल, तर हा खर्च वाया जाईल. त्यातही विद्वत्संस्थेसारखे भारदस्त नाव लावून फक्त शुल्क गोळा करणारी अधिवेशने हल्ली बोकाळली आहेत, त्यामुळे पैसे भरण्यापूर्वी संस्थेची घटना, निवडून आलेली कार्यकारिणी आणि मागील अधिवेशनांचा कार्यक्रम पाहायला मिळतो का हे तपासावे. पाच वर्षांपूर्वीचा एखादा गोषवारा संस्थेकडे मागून पाहावा. तो आठवडाभरात हाती आला, तर ती संस्था तिच्या वर्गातल्या बहुसंख्य संस्थांपेक्षा चांगली चालली आहे असे समजायला हरकत नाही.